हॉस्पिसमध्ये रुग्णाला आणि घरच्यांना सोबत कशी करावी

हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, स्वयंसेवक म्हणून जावेसे वाटणाऱ्या बहुतेकांना प्रश्न पडतो, की आपण डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तिथे आपला उपयोग काय. सिसिली साँडर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची दुखणीही मिसळलेली असतात, हा विचार त्यांनी मांडला. मॉर्फिनसारख्या वेदनाशामक औषधाने शरीराचे दुखणे आटोक्यात येते. उरलेल्या दुखण्यांसाठी शेजारी निवांत बसणारे माणूस लागते. शिवाय कित्येक आठवडे उशाशी बसलेल्या पत्नीला किंवा मुलाला अंघोळ, झोप, बँकेचे काम यांसाठी दोन तास सुटका हवी असते, आणि ती देणे हेही आपले काम आहे.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झाले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, केंद्र आहे. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये या शुश्रूषेचे जे काम उभे राहिले, त्याचा पुढचा विस्तार प्रशिक्षण घेतलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच बळावर झाला. आपल्या जवळच्या संस्थेत आधी समन्वयकांना भेटावे आणि त्या सांगतील ते प्रशिक्षण पूर्ण करावे. स्वतःच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर काही महिने, शक्य झाल्यास वर्षभर, थांबणे बरे. वेळ थोडा दिला तरी चालेल. मात्र वार आणि तास ठरलेले असावेत, कारण रुग्ण वाट पाहत असतो.

खोलीत जाण्यापूर्वी हात धुवावेत. अत्तर किंवा सेंट लावून जाऊ नये, कारण मळमळ होणाऱ्या रुग्णाला तो वास सोसत नाही. स्वतःला सर्दी-खोकला असेल, तर त्या दिवशी जाऊच नये. उभ्याने बोलू नये. खुर्ची पलंगाजवळ ओढून, रुग्णाला मान वर करावी लागणार नाही असे बसावे, आणि ‘आत्ता बसू का, की नंतर येऊ?’ असे विचारावे. दिवसभरात सुई, गोळ्या, अंग पुसणे यांतले फारसे काही ज्याच्या मर्जीने होत नाही, त्याला निदान एवढ्या बाबतीत ‘नको’ म्हणता आले पाहिजे.

गप्पांचा विषय रुग्णालाच ठरवू द्यावा. सांगलीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्यांना भजन ऐकवावे, असे सर्वांना वाटत होते. त्यांना मात्र हवे होते वर्तमानपत्रातले हळदीचे बाजारभाव. भाव वाचून दाखवले, की ते डोळे मिटूनच ‘अजून विकू नका म्हणावं’ असे बजावत. त्या घटकेपुरते ते रुग्ण राहत नसत, घरचे कर्ते होत.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो आजार लपवण्याचा. आपल्या घरांमध्ये ‘त्यांना काही सांगू नका हं, ते खचतील’ अशी विनवणी हमखास होते. तिच्यामागे माया असते, म्हणून नातेवाइकांना दोष देऊ नये. पण रुग्णानेच ‘मी बरा होईन ना हो?’ असे विचारले, तर काय करावे? खोटा दिलासा देऊ नये आणि निदानही सांगू नये. ते सांगण्याचा अधिकार आपला नव्हे. ‘तुम्हाला काय वाटतंय, काका?’ असे विचारून शांत राहावे. पुष्कळदा रुग्णाला सारे कळलेले असते आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प असतो. असे लक्षात आल्यास ते सिस्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या कानावर घालावे. घरच्यांशी बोलणे पुढे त्या नेतात. माझ्या मते स्वयंसेवकाची खरी कसोटी इथेच लागते.

नातेवाइकांशी बोलताना ‘रडू नका’, ‘देवाची मर्जी’, ‘आमच्या ओळखीत एक जण बरे झाले’ ही वाक्ये टाळावीत. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हटल्यावर कोणी काही सांगत नाही. ‘ताई, तुम्ही जेवून या, तोवर मी इथे बसते’ असे म्हटले, की त्या उठतात.

पथ्ये मोजकीच, पण कडक आहेत. सिस्टरांना विचारल्याशिवाय घोटभर पाणीही पाजू नये, कारण गिळता येत नसेल तर ठसका लागून ते श्वासनलिकेत जाते. त्यांनी सांगितल्यास कापसाचा ओला बोळा ओठांवरून फिरवावा. झाडपाल्याची औषधे सुचवू नयेत, फोटो काढू नयेत, पैसे घेऊ नयेत आणि देऊही नयेत. खोलीतले बोलणे बाहेर नेऊ नये. न बोलणाऱ्या रुग्णाच्या कपाळाला आठ्या पडल्या, तो कण्हू लागला किंवा तळमळू लागला, तर ताबडतोब सिस्टरांना बोलवावे.

शेवटच्या तासांत हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर लागते. नातेवाईक त्या आवाजाने घाबरतात. रुग्ण तेव्हा बहुधा ग्लानीत असतो आणि आपल्याला वाटतो तितका त्रास त्याला होत नसावा, हे सिस्टरांनी त्यांना समजावून सांगावे अशी विनंती करावी. रुग्णाला ऐकू येते आहे असे धरूनच बोलावे आणि मुलाबाळांनाही बोलू द्यावे. मृत्यूनंतर तुळशीपत्र, गंगाजल, कुराणपठण, फादरांची प्रार्थना, जे ज्या घरचे असेल त्याला जागा करून द्यावी आणि आपण मागे सरावे.

त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी समन्वयकांशी दहा मिनिटे बोलावे, आणि जड गेले असेल तर एखादा आठवडा सुट्टी मागावी. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले, की घर रिकामे होते. त्या सुमारास संस्थेच्या परवानगीने एक फोन करावा आणि गेलेल्या माणसाविषयी त्यांना जेवढे बोलायचे असेल तेवढे ऐकून घ्यावे.