व्हिएतनाममध्ये कारखाना टाकायचाय? हिशोब या क्रमाने करा

मजुरीपासून सुरुवात करू नका. आधी आपल्या मालाचा एचएस कोड (जकातीसाठी मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) काढा आणि माल जिथे विकायचा, त्या बाजारपेठेबरोबरच्या करारातले मूळ देशाचे नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा हे ठरवणारे नियम, वाचा. युरोपीय संघाबरोबरचा करार 1 ऑगस्ट 2020 पासून लागू आहे. पण तयार कपड्यांना जकातीत सवलत हवी तर कापडही व्हिएतनाममध्ये किंवा युरोपीय संघात तयार झालेलं लागतं. दक्षिण कोरियाच्या कापडाला अटींवर मुभा आहे. चिनी कापड आणून नुसतं शिवलं की सवलत गेली. सीपीटीपीपी या पॅसिफिक भागातल्या देशांच्या व्यापार करारात तर सर्वसाधारणपणे सुतापासूनच अट आहे, म्हणजे सूतही सदस्य देशांतलंच लागतं. स्वस्त शिलाई बघून जाणारे बहुतेक इथेच फसतात.

मग वीज. मे-जून 2023 मध्ये उत्तरेतले जलाशय आटले, कोळशावरचे काही संचही बंद होते, आणि बाक निन्ह, बाक जियांगमधल्या कारखान्यांना भारनियमनाचा फटका बसला. ऑगस्ट 2024 मध्ये मध्य भागातून उत्तरेत वीज आणणारी क्वांग त्राक ते फो नोइ ही 500 केव्हीची वाहिनी सुरू झाली, त्यामुळे स्थिती सुधारली. तरीही औद्योगिक वसाहतीकडून 2023 ची नोंद मागाच: कोणत्या तारखेला, किती तास, सूचना किती आधी दिली. 'आता काही अडचण नाही' याला उत्तर म्हणत नाहीत. विजेचे दर दिवसाच्या वेळेनुसार तीन प्रकारचे असतात, म्हणून सरासरी दर धरू नका. आपल्या पाळ्यांवर ते लावून बघा. भट्टी किंवा मोल्डिंग असेल तर जनरेटर पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यानेच मिळते. एमआयडीसीच्या 95 वर्षांची सवय असलेल्यांनी नीट बघावं: इथे मुदत साधारण 50 वर्षं, आणि तीही वसाहतीच्या मंजुरीपासून मोजली जाते. जुन्या वसाहतीत 25-30 वर्षंच उरलेली असू शकतात. दर चौरस मीटरचा भाव उरलेल्या वर्षांनी भागा, मग तुलना करा.

आता मजुरी. किमान वेतनासाठी देशाचे चार विभाग आहेत. जुलै 2024 मध्ये पहिल्या, म्हणजे मोठ्या शहरांच्या, विभागाचं किमान वेतन महिना 49.6 लाख दोंग (व्हिएतनामचं चलन) ठरलं, चौथ्याचं 34.5 लाख, आजचा आकडा ताजा घ्या. त्यावर मालकाचा सामाजिक, आरोग्य आणि बेरोजगारी विम्याचा 21.5 टक्के हिस्सा आणि कामगार संघटनेचे 2 टक्के. ओव्हरटाइम वर्षाला 200 तास, ठरावीक उद्योगांत 300; ऑर्डरची गर्दी त्यात बसते का, हे महिन्यावार मांडा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या कारखान्यांशेजारी किमान वेतनावर माणूस टिकत नाही. तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, सुट्टीनंतर किती जण कामावर परतले, हे शेजारच्या कारखान्यांत विचारा.

कर शेवटी. कंपनी कराचा सर्वसाधारण दर 20 टक्के आहे. ठिकाणानुसार सवलती मिळतात, पण 75 कोटी युरो किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या समूहांना 2024 पासून किमान 15 टक्क्यांचा नियम लागू आहे. सवलतीच्या जिल्ह्यांची यादी जुनी नाही ना, तेही पाहा: 1 जुलै 2025 पासून 63 प्रांतांचे 34 झाले, जिल्हा हा स्तरच गेला आणि बाक जियांग बाक निन्हमध्ये विलीन झाला.