आपला तंबोरा आपणच लिहायचा: लिनक्सवर पहिला ऑडिओ प्लगइन

ओपन सोर्स ऑडिओमध्ये काहीतरी करायचंय असं म्हणणारे बरेच जण थेट रेकॉर्डिंगचं अख्खं सॉफ्टवेअर लिहायला घेतात. मीपण घेतलं होतं. तीन महिन्यांनी माझ्याकडे एक सुंदर विंडो होती आणि त्यातून आवाज येत नव्हता. आर्डर नावाचं असंच रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पॉल डेव्हिस वीस वर्षांहून जास्त काळ लिहितायत आणि अजून काम संपलेलं नाही, त्यामुळे तो नाद सोडा आणि एकच आवाज काढणारी एकच छोटी गोष्ट करा. माझ्या मते मराठी घरातल्या माणसाने तंबोरा करावा, कारण तो बरोबर वाजतोय की नाही हे सांगणारा एखादा तयार कान घरात किंवा शेजारी मिळतोच, आणि ऑडिओत टेस्टिंग म्हणजे शेवटी कानच. माझ्याकडे आई होती, रोज सकाळी रियाज करणारी, आणि तिच्याइतका कडक टेस्टर मला ऑफिसमध्येपण भेटलेला नाही.

आपण एलव्हीटू प्लगइन करणार आहोत. प्लगइन म्हणजे दुसऱ्या ऑडिओ सॉफ्टवेअरच्या आत उघडणारा छोटा प्रोग्रॅम, आणि तो उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला होस्ट म्हणतात. लिनक्सवर आधी लॅड्स्पा नावाची प्लगइनची पद्धत होती, त्याच्या पुढची पायरी म्हणजे एलव्हीटू, आणि आर्डर, कार्ला, रीपर हे सगळे होस्ट ते उघडतात. भाषा सी. फाउस्ट नावाची मस्त भाषा आहे, फ्रान्समधल्या ग्राम (GRAME) या संगीत केंद्राची, त्यात हेच काम वीस ओळींत होतं आणि ती तुम्हाला प्लगइनपण काढून देते, पण पहिला प्लगइन एकदा हाताने सीमध्ये लिहाच, आत काय चाललंय ते कळल्यावर मग खुशाल फाउस्टकडे जा.

डेबियन किंवा उबंटूवर जीसीसी (सीचा कंपायलर), एलव्हीटूच्या हेडर फाइल्स, जाल्व्ह आणि कार्ला एवढं टाकून घ्या. जाल्व्ह एका वेळी एकच प्लगइन उघडतो, म्हणून तो टेस्टिंगला सगळ्यात सोपा. पाइपवायर (लिनक्सवर आवाज सांभाळणारी नवी यंत्रणा) असेल तर जॅक (तेच काम करणारी जुनी) वेगळा चालू करायची भानगड नाही.

एलव्हीटू प्लगइन म्हणजे एक फोल्डर, बास. होम फोल्डरमध्ये डॉट एलव्हीटू नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात आपलं फोल्डर ठेवायचं. आत तीन फाइली: कंपाइल केलेली शेअर्ड लायब्ररी, एक मॅनिफेस्ट, आणि एक वर्णनाची फाइल, शेवटच्या दोन्ही टर्टल नावाच्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये. वर्णनात प्लगइनची यूआरआय आणि पोर्टांची, म्हणजे आकडे आणि आवाज आत-बाहेर जायच्या वाटांची, यादी लिहायची. यूआरआय दिसते वेबच्या पत्त्यासारखी पण तिथे पान असलंच पाहिजे असं नाही, ती फक्त ओळख. मात्र एकदा प्लगइन लोकांना दिला की ती बदलायची नाही, कारण लोकांच्या सेव्ह केलेल्या सेशनमध्ये तीच लिहिलेली असते आणि बदललीत की त्यांचं गाणं उघडताना तुमचा तंबोरा गायब.

आपल्याला पोर्ट हवेत चार: षड्ज कुठला, एका आवर्तनाला किती सेकंद, आवाज किती, आणि ऑडिओ आउटपुट. टर्टल फाइलमधला पोर्टचा नंबर आणि सी कोडमधला नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. माझे जुळले नव्हते, त्यामुळे आवाजाचं बटण फिरवलं की सूर चढायचा आणि मी अख्खा रविवार गणित तपासत बसलो होतो.

सी फाइलमध्ये एक स्ट्रक्चर भरायचं असतं, त्यात यूआरआय आणि सात फंक्शन. त्यातली खरी कामाची चार. इन्स्टँशिएट सुरुवातीला एकदाच चालतं, तिथे सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती आकडे (सॅम्पल) ते, कळतो आणि मेमरी घ्यायची. कनेक्ट पोर्टमध्ये होस्ट सांगतो की अमक्या पोर्टचा डेटा तमक्या जागी आहे. रन हा जीव, तो सेकंदाला कितीतरी वेळा चालतो आणि दर वेळी सॅम्पलचा एक तुकडा, म्हणजे ब्लॉक, भरतो. क्लीनअपमध्ये मेमरी परत. बाकीची तीन सध्या रिकामी ठेवली तरी चालतं. जीसीसीला शेअर्ड आणि एफपिक हे दोन फ्लॅग देऊन कंपाइल करा. आधी रनमध्ये नुसते शून्य लिहून, जाल्व्हमध्ये प्लगइन उघडतोय का ते बघा. शांतता नीट वाजली की मग तारा.

तारेसाठी केव्हिन कार्प्लस आणि अलेक्स स्ट्राँग यांची १९८३ सालची युक्ती वापरायची, ती इतकी सोपी आहे की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तारेच्या एका कंपनात जितकी सॅम्पल बसतात तितक्या लांबीचा एक गोल बफर (आकड्यांची रांग, संपली की परत सुरुवातीला येणारी) घ्या, त्यात रँडम आकडे भरा, ही झाली छेड. मग प्रत्येक वेळी बफरमधलं सगळ्यात जुनं सॅम्पल काढून त्याची आणि त्याच्या लगेच आधी काढलेल्या सॅम्पलची सरासरी काढा, तीच बाहेर पाठवा आणि तीच परत बफरमध्ये टाका. गोंगाट फिरत फिरत गुळगुळीत होतो आणि तारेसारखा विरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुसता हसत बसलो होतो.

फक्त तो आवाज गिटारचा येतो. तंबोऱ्याची तार बोटाच्या मऊ भागाने छेडतात, म्हणून रँडम आकडे भरण्याआधी लो पास फिल्टरमधून (आवाजातला तीक्ष्ण भाग गाळणारा) काढा. आणि तंबोऱ्याची आस (छेडल्यावर तार वाजत राहणं) लांब हवी, त्यासाठी सरासरी अर्धी-अर्धी न घेता दोनपैकी नव्या सॅम्पलला जास्त वजन द्या, ०.९ आणि ०.१ असं काहीतरी. वजनांची बेरीज एकच्या वर गेली तर आवाज दर फेरीला वाढत जाऊन कान फाडतो, म्हणून नवीन गणित पहिल्यांदा वाजवताना हेडफोन कानाला लावायचा नाही, टेबलावर ठेवायचा. हे मी कळकळीने सांगतोय.

आता सुराचं. माझा पहिला तंबोरा लागल्यावर आई दोन मिनिटं डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "अरे, तुझा सा हलतोय रे." मला काही ऐकू येत नव्हतं. मग कागदावर मांडलं. काळी चारचा षड्ज २०७.६५ हर्ट्झ, सॅम्पल रेट ४८०००, म्हणजे एका कंपनाला २३१.१६ सॅम्पल. बफरला अपूर्णांक चालत नाही, म्हणून मी २३१ धरले होते. त्यात दोन सॅम्पलच्या सरासरीमुळे आणखी अर्ध्या सॅम्पलचा उशीर होतो हे माझ्या ध्यानात नव्हतं, तेव्हा खरी लांबी झाली २३१.५ आणि जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा) वाजत होती २०७.३४ वर. खर्जाला (खालच्या षड्जाची शेवटची तार) ४६२ अधिक अर्धा, म्हणजे १०३.७८, आणि त्याचा दुप्पट स्वर येतो २०७.५७. जोड आणि खर्ज यांच्यात पाव हर्ट्झच्या आसपास फरक, म्हणजे दर चार-साडेचार सेकंदांनी एक हेलकावा. आईला ऐकू येत होतं ते हेच.

उपाय असा की पूर्णांकाचा भाग बफरने घ्यायचा आणि उरलेला अपूर्णांक एका छोट्या ऑलपास फिल्टरने, जो आवाज कमी-जास्त न करता नुसता किंचित उशीर लावतो. काळी चारला २३१.१६ मधून सरासरीचा अर्धा वजा केला की २३०.६६ राहतात, त्यातले २३० बफरला आणि ०.६६ ऑलपासला. ऑलपासचा आकडा म्हणजे एक वजा अपूर्णांक, भागिले एक अधिक अपूर्णांक, इथे जवळपास ०.२०. आणि वर म्हटलं तसं सरासरीची वजनं बदललीत तर हा अर्ध्या सॅम्पलचा हिशोबपण बदलतो, ०.९ आणि ०.१ ला साधारण ०.१ च वजा करायचा. पंचम काढताना षड्जाला पाऊणने गुणा, पियानोच्या टेबलातला आकडा घेऊ नका, तो दोन सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरा असतो.

जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती गुंजन, हा यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गोड भाग. खऱ्या तंबोऱ्यात तार घोडीच्या किंचित गोलसर माथ्यावर घासत उठते, खाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात, आणि मिरजेतले कारागीर ती घोडी कानाने तासतात. आपल्याकडे तासायला आकडा आहे. तार घोडीवर टेकते तेव्हा तिची वाजणारी लांबी क्षणभर कमी होते, तर आपणही सॅम्पलची किंमत धन असताना डिले (बफर आणि ऑलपासचा मिळून उशीर) थोडासा कमी करायचा, एका सॅम्पलच्याही छोट्या भागाने, आणि ऋण असताना तसाच ठेवायचा. तेवढ्यानेच वरचे स्वर झुंझुं करत उघडायला लागतात. फार कमी केलात तर माशी अडकल्यासारखा आवाज येतो आणि सूरपण चढतो, मग षड्ज परत तपासावा लागतो. याला सूत्र नाही, मी पंधरा दिवस एकच आकडा मागे-पुढे करत होतो.

तारा कधी छेडायच्या हे सॅम्पल मोजून ठरवा. पाच सेकंदांचं आवर्तन म्हणजे ४८००० च्या हिशोबाने २४०००० सॅम्पल, त्यात पंचम, जोड, जोड, खर्ज बसवायचे. कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे बघायचं नाही, कारण गाणं एक्सपोर्ट करताना होस्ट खऱ्या वेळेपेक्षा कितीतरी भरभर रन चालवतो आणि घड्याळावर चालणारा तंबोरा तिथे एक-दोनदाच वाजून गप्प बसतो. छेड ब्लॉकच्या मधे येत असेल तर मधेच सुरू करा, १०२४ चा ब्लॉक म्हणजे २१ मिलिसेकंद, तेवढं पुढे-मागे झालेलं लयीत कळतं.

रनमधला शिस्तीचा भाग राहिला. २५६ सॅम्पलचा ब्लॉक म्हणजे ५.३ मिलिसेकंद, तेवढ्यात सगळे प्लगइन मिळून काम संपलं पाहिजे, उशीर झाला की कट्ट असा आवाज येतो, याला एक्सरन म्हणतात. म्हणून रनमध्ये मॅलॉक (नवीन मेमरी मागणं) नाही, फाइल उघडणं नाही, लॉक (दुसऱ्या कामासाठी थांबून राहणं) नाही, आणि प्रिंटएफ (स्क्रीनवर मजकूर छापणं) तर अजिबात नाही. बरेचदा हे सगळं पटकन होतं, म्हणूनच ते फसवं आहे, हजारातून एकदा ऑपरेटिंग सिस्टम थांबवते आणि तो एकदा नेमका रेकॉर्डिंगमध्ये येतो. मी डीबगिंगचा एक प्रिंटएफ विसरलो होतो, माझ्याकडे दहा दहा मिनिटं काही व्हायचं नाही आणि आईच्या जुन्या लॅपटॉपवर दर थोड्या वेळाने कट्ट. बफर कायम सगळ्यात मोठा घेऊन ठेवा, १९२००० सॅम्पल रेट आणि ६५ हर्ट्झचा खर्ज धरला तरी तीन हजारांच्या आत बसतं, प्रत्येक तारेला ४०९६ ठेवले की मिटलं. एक्सरन किती होतायत ते पाइपवायरच्या पीडब्ल्यू-टॉपमध्ये एररच्या रकान्यात दिसतं.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. तारा छेडणं थांबवून मी चहा करायला गेलो, परत आलो तर लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता, आवाज तर काहीच नव्हता. झालं असं की विरत विरत आकडे इतके बारीक झाले, दशांशानंतर अडतीसएक शून्यं, की प्रोसेसर त्यांना डीनॉर्मल म्हणून वेगळ्या आणि हळू वाटेने सोडवायला लागला. प्रोसेसरचा फ्लश टू झीरोचा फ्लॅग लावा किंवा एका मर्यादेखालचा आकडा सरळ शून्य करून टाका.

लोकांना द्यायच्या आधी एलव्हीटूचं व्हॅलिडेट टूल चालवा, ते टर्टलमधल्या चुका पकडतं. लायसन्सची फाइल टाकाच, नुसता कोड सार्वजनिक ठेवला म्हणजे ओपन सोर्स झाला असं होत नाही, लायसन्स नसेल तर कायद्याने कुणाला तो वापरता येत नाही. जीपीएलवाल्या कुणाचा कोड उचलला असेल तर तुमचा प्लगइनपण जीपीएलच, नसेल तर आयएससी किंवा एमआयटीपण चालेल. रीडमी मराठीतपण लिहा, आणि त्यात "काळी चार" असंच लिहा, जी शार्प लिहिलंत तर गाणाऱ्या निम्म्या लोकांना कळणार नाही.

मला पहिली तक्रार आठवड्याभरात आली: मालकंसला काय करू, यात तर पंचमच आहे. चूक माझीच, मी फक्त आईच्या सकाळच्या रियाजाचा विचार केला होता. पहिल्या तारेसाठी पंचम, मध्यम, निषाद असं निवडायचं नवीन पोर्ट केलं, मध्यमाला षड्जाच्या दोन तृतीयांश, मारवा-पूरियावाल्यांच्या निषादाला पंधरा सोळांश. पोर्ट यादीच्या शेवटी टाकलं, जुन्या पोर्टांचे नंबर आणि सिम्बॉल (टर्टलमधली पोर्टांची छोटी नावं) तसेच ठेवले, आणि डीफॉल्ट पंचम, म्हणजे ज्यांची जुनी सेशन आहेत त्यांना काही झाल्याचं कळतसुद्धा नाही.