ई-खरेदीचा आदेश काढण्यापूर्वी : सोलापुरातील भांडार शाखांसाठी तयारीची यादी

जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर पुरवठा आदेश काढणे हे काही मिनिटांचे काम आहे. दिवस जातात ते त्याआधीच्या मागणीपत्रात आणि त्यानंतरच्या माल-स्वीकृतीत. म्हणून महापालिका, जिल्हा परिषद वा नगरपरिषदेच्या भांडार शाखेने तयारीची सुरुवात गोदामातून करावी.

प्रथम साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष शिल्लक यांचा मेळ घालावा, आणि तो घालताना पोती मोजून थांबू नये. ब्लीचिंग पावडर उष्णतेने व दमटपणाने निकामी होत जाते. सोलापूरचा उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली पावडर नोंदवहीत पूर्ण दिसली, तरी तिच्यातील क्लोरीन तपासल्याखेरीज ती शिल्लक धरू नये. त्यानंतर प्रत्येक नित्य वस्तूची फेरमागणीची पातळी ठरवावी. समजा, रोजचा वापर ४० किलो असून मागणीपत्रापासून माल हाती येईपर्यंत २५ दिवस लागतात, तर १,००० किलो आणि १० दिवसांची राखीव म्हणून ४०० किलो, असा १,४०० किलोंवर साठा येताच मागणी निघाली पाहिजे. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की तुरटीचा वापर वाढतो आणि आषाढीला पंढरपुरात स्वच्छतेच्या साहित्याची मागणी एकदम चढते. त्यामुळे वर्षाची सरासरी येथे उपयोगाची नाही, मागील वर्षांचे महिनावार आकडे काढावेत.

मागणीपत्रात वस्तूचे तपशील मानकासह लिहावेत, विशिष्ट ब्रँडचे नाव टाळावे आणि खरेदीच्या रकमेच्या मर्यादेखाली बसवण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडू नयेत. अंदाजपत्रकीय तरतूद व प्रशासकीय मान्यता आधीच घ्यावी. पोहोचवण्याचा पत्ता कार्यालयाचा न देता जेथे माल उतरायचा तेथील द्यावा. पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्राला लागणारे रसायन शहरातील कार्यालयाच्या दारात उतरले, तर वाहतुकीचा दुसरा खर्च आपल्याच माथी येतो.

२०१६ साली सुरू झालेल्या जेम पोर्टलवर खरेदीदार, माल स्वीकारणारा आणि रक्कम अदा करणारा यांची खाती बदलीनंतर लगेच नव्या अधिकाऱ्याकडे वर्ग झाली आहेत का, डिजिटल स्वाक्षरीची मुदत शिल्लक आहे का, हे आदेशाच्या दिवशी पाहण्यात अर्थ नाही. (बदली झालेल्या साहेबांच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी हा बऱ्याच विलंबाचा खरा मालक असतो.)

जेमवर माल मिळाल्याची तात्पुरती पावती ४८ तासांत आणि स्वीकृती प्रमाणपत्र १० दिवसांत देणे अपेक्षित आहे. त्यासाठी तपासणी करणाऱ्याचे नाव, नमुना घेण्याची पद्धत आणि वजनकाट्याची व्यवस्था आधी ठरलेली असावी. नाकारायचा माल कारणासह मुदतीतच नाकारावा. निर्णय न घेता तो कोपऱ्यात ठेवणे पुरवठादारालाही परवडत नाही आणि लेखापरीक्षणातही अंगलट येते.

देयकाची तरतूद मालाबरोबरच तपासावी. चादरी-टॉवेलचे यंत्रमागधारक असोत वा छोटे मुद्रक, नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय वर्षभर थकबाकी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या निविदेत पुढच्या वेळी दर चढेच येतात.

शेवटी नस्तीच्या (फाइलच्या) पहिल्या पानावर मागणी, आदेश, स्वीकृती आणि देयक या चार तारखांचे रकाने आखून घ्यावेत, आणि प्रत्येक टप्प्याला लागलेले दिवस त्याच आठवड्यात भरावेत.