चुकलेलं नाणं ओळखायचं कसं?

मूठभर सुटी नाणी टेबलावर ओतली की त्यात एखादं विचित्र नाणं सापडतंच. कुठे अक्षर पुसट, कुठे कड चेपलेली, कुठे सालाचा आकडा जाडजूड. नवखा संग्राहक लगेच विचारतो, "याचे किती येतील?" तो प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे विचारा, की टांकसाळीत नेमकं काय बिघडलं म्हणून हे असं झालं? याचं उत्तर सापडत नसेल, तर बिघाड बहुधा टांकसाळीबाहेरच झालेला असतो. रस्त्यावर, धुलाई यंत्रात, नाहीतर कुणाच्या तरी पकडीत.

आधी नाणं कसं पडतं ते समजून घ्या

धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या एका यंत्रातून फिरवून त्यांची कड उभारतात. मग चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि दोन बाजूंच्या दोन डाय, म्हणजे नाण्याची उलटी नक्षी कोरलेले साचे, तिला दाबून छाप उठवतात. म्हणजे चूक तीन ठिकाणी होऊ शकते: चकतीत, डायमध्ये किंवा ठोक्यात.

हा फरक कामाचा आहे. ठोका चुकला, चकती सरकली आणि छाप अर्धवट बसला, तर तसं नाणं एखादंच. डायमध्येच दोष असेल तर त्या डायखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तो उतरतो. याला डाय व्हरायटी म्हणतात. तिची जोडीदार नाणी शोधता येतात आणि डायला गेलेला तडा नाण्यागणिक कसा लांबत गेला, हेही लावून पाहता येतं. मला स्वतःला याचीच गोडी जास्त.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, कॅलिपर, चुंबक आणि एकाच बाजूने उजेड टाकणारा टेबल लॅम्प. भिंग डोळ्याला लावा आणि नाणं भिंगाजवळ आणा. उलट करत बसू नका. नाणं धरायचं ते कडेनेच.

उंच की खोल?

एवढा एक नियम पाठ केलात तरी निम्मं काम झालं. डायवर जो खळगा, तो नाण्यावर उंचवटा. डायला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर वेडीवाकडी *उठलेली* रेघ दिसते. डायचा कडेचा तुकडाच उडाला, तर तिथे नक्षी नसलेला धातूचा फुगवटा येतो. त्याला संग्राहक 'कड्' (इंग्रजी cud) म्हणतात. नाण्याच्या कडेशी गल्लत करू नका, मराठी कानाला गोंधळात टाकणारा शब्द खरा. याउलट, रेघ खोल गेलेली असेल तर तो बहुतेक वेळा साधा ओरखडा. चारचौघांत दाखवून हसं करून घेऊ नका.

दुहेरी अक्षरं: सगळ्यात मोठा चकवा

एका नाण्याच्या सालाचा शेवटचा आकडा मला दुहेरी दिसला आणि मी आठवडाभर हवेत होतो. मग लॅम्प बाजूला खाली आणून नाणं सावकाश फिरवलं. आकड्याच्या शेजारी एक सपाट, चकचकीत पायरी होती आणि मूळ आकडा तेवढाच बारीक झाला होता. ठोका बसल्यावर सैल डाय किंचित सरकते आणि ताज्या अक्षराची बाजू चेपते, त्याची ही खूण. याला मशिन डबलिंग म्हणतात. ते फार सापडतं आणि त्याला संग्राहक सहसा वेगळी किंमत देत नाहीत.

खरी डबल्ड डाय वेगळी. डाय तयार करताना तिच्यावर मूळ ठसा पूर्वी एकाहून अधिक वेळा दाबावा लागे. दुसऱ्या खेपेला तो जरा फिरला की डायवरच दोन प्रतिमा कोरल्या जात. अशा नाण्यावर दोन्ही अक्षरं गोलसर आणि भरीव असतात, टोकांना खाच दिसते, आणि अक्षर एकूण जाडच होतं, बारीक नाही. १९५५ सालचा फिलाडेल्फिया टांकसाळीतला अमेरिकी एक सेंट याचा प्रसिद्ध नमुना. त्याचं दुहेरी साल नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतं.

चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेला असेल तर

पट्टी पुरेशी पुढे न सरकता पुढची चकती कापली गेली की ती आधीच्या भोकावर जाते आणि कडेला गोलाकार कमतरता राहते. आता बरोबर समोरची कड बघा. कड उभारणाऱ्या यंत्रात तुटक्या बाजूला दाब बसत नाही, म्हणून समोरची बाजूही नीट उभारत नाही आणि पुष्कळदा पुसट राहते. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. समोरची कड ठणठणीत असेल तर कानसीचा संशय घ्या. शिवाय तुटक्या भागाजवळची अक्षरं खऱ्या नाण्यात थोडी ओढल्यासारखी दिसतात. कानस लावलेल्यात ती सरळ कापलेली असतात.

वजन आणि चुंबक

चुकीच्या चकतीवर पडलेलं नाणं इथेच पकडलं जातं. १९४३ साली अमेरिकेत सेंट पोलादाचे पडले, पण काही मोजके आधीच्या तांबूस चकत्यांवर निघाले. पोलादी नाण्याचं वजन सुमारे २.७ ग्रॅम, तांबूस नाण्याचं ३.११. पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा देऊन फसवणारे पुष्कळ. अशी मुलामा दिलेली नाणी चुंबकाला टपकन चिकटतात.

बनावट

दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेलं नाणं बहुतेकदा जादूगारांसाठी दोन नाणी कोरून जोडलेलं असतं. कडेच्या आतल्या बाजूला सांध्याची बारीक रेघ शोधा. उलटी, खोल गेलेली अक्षरं दिसली तर दुसरी बाजू पाहा. ती चपटी झाली असेल तर दोन नाणी पकडीत दाबलेली आहेत.

ठेवणं

धुऊ नका, घासू नका, चिंच-लिंबू तर लांबच. पीव्हीसीचं प्लास्टिक कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर धरतं, म्हणून ते टाळा. पाकिटावर साल, टांकसाळीची खूण, वजन आणि दोषाची जागा लिहा. जागा घड्याळाच्या काट्याने सांगायची: 'दर्शनी बाजू, ४ वाजता, उठलेला तडा, कडेपासून अक्षरापर्यंत.' त्याच डायचं दुसरं नाणं हाती लागलं की पहिल्यांदा हीच चिठ्ठी काढाल.