स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट : पारख, बसवणी आणि निगा

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्टने व्यापलेला असून ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आपल्याकडे नांदेड जिल्ह्याचा देगलूरकडील पट्टा आणि चंद्रपूर-गडचिरोली अशा मोजक्याच ठिकाणी उघडा दिसतो. त्यामुळे आपल्या शहरांतील दगडांच्या वखारीत ओट्यासाठी उभा करून ठेवलेला माल बहुतेक कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि राजस्थान येथून आलेला असतो. चमचमत्या ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातील प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा, तपकिरी ‘टॅन ब्राउन’ तेलंगणातील करीमनगरकडचा, तर राजस्थानचा माल प्रामुख्याने जालोरचा. ‘काश्मीर व्हाइट’ नावाच्या दगडाचा काश्मीरशी काहीही संबंध नाही. तो तमिळनाडूत, मदुराईच्या परिसरात निघतो. ही नावे व्यापाराच्या सोयीची आहेत आणि दगड ओट्यावर कसा वागेल याविषयी ती फारच थोडे सांगतात. म्हणून नाव आणि रंग यांवर अर्धा दिवस घालवण्यापेक्षा समोरची नेमकी लादी पाणी व तेल किती शोषते, हे तपासण्यासाठी तासभर राखून ठेवावा.

भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडेफार अभ्रक किंवा तत्सम गडद खनिजे यांचा, जमिनीखाली सावकाश थंड झालेला खडक. बाजारात मात्र हे नाव बऱ्याच कठीण दगडांना सरसकट लावले जाते. गडद काळा ‘ग्रॅनाइट’ प्रत्यक्षात गॅब्रो किंवा डोलेराइट असतो आणि लाटांसारख्या रेघा असलेले अनेक रंगीत दगड नाइस (gneiss) या पट्टेदार खडकाच्या जातीचे असतात. यात फसवणूक आहे असे मानू नये, कारण ओट्याच्या कामाला हे दगडही उत्तम ठरतात. किंबहुना घट्ट विणीचा काळा दगड फिकट ग्रॅनाइटपेक्षा कमीच शोषतो. कडप्पा, कोटा आणि शहाबाद यांची गोष्ट वेगळी आहे. हे चुनखडीचे दगड असल्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांतील आम्ल त्यांना खाते. पॉलिश केलेला काळा कडप्पा दुरून काळ्या ग्रॅनाइटसारखा दिसू शकतो. शंका आल्यास लादीच्या कडेच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसावेत. तेथे चमक जाऊन बोथट डाग राहिला, तर तो दगड चुनखडीचा आहे असे समजावे.

वखारीत जाताना पाण्याची छोटी बाटली, खाद्यतेलाची कुपी, पांढरे सुती फडके आणि ॲसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर सोबत न्यावे. लादीच्या धूळ पुसलेल्या भागावर चमचाभर पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पाणी पुसल्यावर खालचा दगड ओलसर, गडद दिसला नाही, तर तो ओट्यासाठी निःशंक घ्यावा. किंचित गडद होऊन थोड्या वेळात पूर्ववत झाला, तर सीलर, म्हणजे दगडात झिरपून त्याची शोषण्याची क्षमता कमी करणारा द्रव, लावून तो वापरता येईल. पाणी दोन-तीन मिनिटांतच मुरू लागले, तर तो दगड दिवाणखान्यात कितीही शोभला तरी फोडणीच्या शेजारी नको. हीच परीक्षा तेलाने करणे अधिक बोलके असते. मात्र ती अखंड लादीवर करू नये. त्याच लादीचा कापलेला तुकडा मागून घ्यावा. शक्य असल्यास तो घरी नेऊन त्यावर हळद कालवलेले तेल रात्रभर ठेवावे आणि सकाळी भांड्याच्या साबणाने धुऊन पाहावे. आपल्या स्वयंपाकाला याहून योग्य कसोटी नाही.

ॲसिटोनचे काम काळ्या दगडासाठी आहे. राखाडी दगडाला काळा रंग किंवा तेलकट मेण चोळून तो ‘जेट ब्लॅक’ म्हणून विकला जातो आणि वर्षा-दोन वर्षांत सिंकभोवती त्याचा मूळ करडेपणा उघडा पडतो. ॲसिटोनमध्ये भिजवलेले पांढरे फडके लादीवर जोराने घासल्यावर त्याला काळे लागले, तर लादी नाकारावी. पॉलिश केलेली बाजू आणि कापलेली कड यांच्या रंगात मोठा फरक दिसल्यासही जरा थांबून विचारावे. पॉलिशमुळे रंग थोडा गडद होणे स्वाभाविक आहे, परंतु वर काळा आणि आत करडा हे स्वाभाविक नाही. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल, तर दगड ठिसूळ असल्यामुळे त्याला रेझिनचा, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाचा, आधार दिलेला असतो. अशी लादी टाकाऊ नसते, पण सिंक आणि शेगडीसाठी मोठे छेद घ्यायचे असतील, तर जाळीविना उभी राहणारी लादी निवडणे शहाणपणाचे आहे.

तडे शोधण्याची सोपी रीत म्हणजे लादी पूर्ण ओली करून सुकताना पाहणे. सगळीकडचे पाणी उडून गेले, तरी केसाएवढी ओली रेघ मागे राहते, तेथे भेग असते. डोळा लादीच्या पातळीवर आणून तिच्यात पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिल्यास पॉलिशमधील कमीजास्तपणा आणि लादीचा बाक दोन्ही कळतात.

जाडीबाबत दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. स्थानिक बाजारात 16 ते 18 मिलिमीटरचा माल सर्रास ‘वीस’ म्हणून सांगितला जातो, तेव्हा टेपने चार ठिकाणी कड मोजावी. पूर्ण टेकू असलेल्या ओट्याला 18 मिलिमीटर पुरतात; सिंक खालून बसवायचे असेल किंवा लादी पुढे अधिक काढायची असेल, तर 20 मिलिमीटर घ्यावेत. ओट्याची रुंदी साधारण दोन फूट असल्यामुळे अखंड मोठ्या लादीची गरज नसते. वीस चौरस फुटांच्या 18 मिलिमीटर लादीचे वजन 90 किलोच्या आसपास भरते. जुन्या इमारतीत लिफ्ट लहान असेल, तर ती जिन्याने कशी चढवणार, हे आधीच ठरवावे. भाव चौरस फुटाचा असतो, कडेच्या गोलाईचे आणि छेदांचे पैसे वेगळे लागतात; वाया जाणारे तुकडे कोणाच्या हिशेबात धरले आहेत, हे बिल करण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे.

रंगाविषयी एवढेच सांगतो की प्रत्येक रंगाला स्वतःचा त्रास असतो. काळ्यावर डाग मुरत नाहीत, पण पीठ, बोटांचे ठसे आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे थर लगेच दिसतात. पांढऱ्यावर हळद दिसते. मध्यम तपकिरी किंवा करड्या, बारीक कणांच्या दगडावर यातले काहीच फारसे दिसत नाही, आणि माझ्या मते रोज दोन वेळचा स्वयंपाक होणाऱ्या घराला तोच सर्वांत सोयीचा. खरखरीत लेदर फिनिश हल्ली लोकप्रिय आहे. त्यावर ठसे दिसत नाहीत हे खरे, परंतु ज्या घरात ओट्यावरच कणीक मळली जाते आणि भाकरी थापली जाते, तेथे या फिनिशच्या खळग्यांत पीठ अडकून बसते.

दगड उत्तम निवडला तरी ओटा बिघडतो तो बहुधा बसवणीत. ग्रॅनाइट दाब सहज सहन करतो, वाकणे मात्र सहन करत नाही. म्हणून खालचे कडप्प्याचे उभे आधार किंवा लोखंडी चौकट एका पातळीत असली पाहिजे आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र टेकू हवा. सिंकपुढे राहणारी दगडाची अरुंद पट्टी ही संपूर्ण ओट्याची सर्वांत दुबळी जागा असते. ती निदान तीन-चार इंच रुंद ठेवावी आणि तेथे जोड मुळीच घेऊ नये. छेदाचे आतील कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर कापून घ्यावेत, कारण तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. फिकट दगड थेट ओल्या करड्या सिमेंटवर बसवल्यास खालची ओल वर ढगासारखी उमटते. त्यासाठी पांढऱ्या रंगाचे टाइल अडहेसिव्ह वापरावे.

मिस्त्रीला आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच तुटते आणि खालच्या लाकडी दारांपर्यंत जात नाही. तसेच ओट्याला सिंकच्या दिशेने अगदी हलका उतार द्यावा. भिंत आणि लादी यांच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरण्याची सवय सर्वत्र आहे, पण ते काही महिन्यांत चिरते आणि मुंग्या-झुरळांना वाट मिळते. तेथे सिलिकॉन भरावे.

लादी कापण्याचे काम शक्यतो वखारीतच उरकावे. घरात कोरडे कटर चालवल्यास उडणाऱ्या धुळीत क्वार्ट्झची अतिसूक्ष्म पूड असते आणि ती फुप्फुसांत वारंवार गेल्याने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. घरी कापणे अटळ असेल, तर बाहेर, पाण्याची धार सोडून कापावे आणि कारागिराने योग्य मास्क लावला आहे याची खात्री करावी.

सीलर प्रत्येक दगडाला लागत नाही. पाण्याच्या परीक्षेत गडद न झालेल्या काळ्या दगडावर तो आत मुरतच नाही आणि वर धुरकट थर राहतो. जेथे गरज असेल, तेथे आत झिरपणारा सीलर स्वच्छ व पूर्ण कोरड्या ओट्यावर फडक्याने पसरावा, डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे आणि उरलेला द्रव पृष्ठभागावर वाळण्यापूर्वीच पुसून काढावा. त्यानंतर दिवसभर ओटा ओला करू नये. पुढचा हात केव्हा द्यायचा, याचे उत्तर दिनदर्शिकेत शोधू नये. वर्षातून एकदा पाण्याचा थेंब टाकून पाहावा आणि दगड गडद होऊ लागला, तरच सीलर पुन्हा लावावा.

रोजच्या सफाईला भांड्यांच्या सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. शेवटी कोरड्या फडक्याने पुसणे ही निगेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी पायरी आहे, कारण जड पाणी वाळूनच पांढरे थर बसतात. थर बसलाच, तर तो ओला करून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडावा. संडास-न्हाणीघरासाठी मिळणारे ॲसिड ओट्यावर कधीही ओतू नये. ते सांध्यातील भरण खाते आणि अनेक दगडांची चमक मारते. गंज काढण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, ते तर क्वार्ट्झसुद्धा विरघळवते. तारेच्या काथ्यानेही घासू नये. तुटलेले लोखंडी कण ओलाव्यात गंजतात आणि त्यांचे तांबूस ठिपके दगडाचेच वाटू लागतात.

तेलाचा डाग मुरला असेल, तर मुलतानी माती ॲसिटोनमध्ये कालवून जाडसर लेप द्यावा, वर प्लॅस्टिक चिकटवून एक दिवस ठेवावा आणि वाळल्यावर काढावा. लेप सुकताना तेल वर ओढून घेतो; जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. ॲसिटोन पेट घेते, म्हणून शेगडी बंद आणि खिडकी उघडी हवी. हळदीच्या डागावर लगेच सोडा चोळण्याचा मोह आवरावा, कारण क्षारामुळे हळद लाल होते. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस काही तास डागावर ठेवावा. ऊन पोहोचत असेल, तर उरलेला पिवळेपणा उन्हानेही फिका पडतो.

ग्रॅनाइट उष्णता सहन करतो, पण जोडातील चिकट पदार्थ आणि लादीतील रेझिन तितके सहन करत नाहीत. आचेवरून उतरवलेला तवा किंवा कुकर आडणीवरच ठेवावा. नारळ फोडणे आणि खलबत्त्यात कुटणे जमिनीवर करावे. माळ्यावरचे डबे काढण्यासाठी ओट्यावर चढण्याची सवय घरोघरी आहे, आणि सिंकपुढची पट्टी तुटते ती बहुधा अशाच वेळी.

कडेचा टवका उडाला, तर तुकडा फेकून देऊ नये. तो इपॉक्सीने चिकटवून त्याच रंगाच्या भुकटीने फट बुजवता येते आणि पॉलिशवाला ती जागा जवळजवळ ओळखू येणार नाही अशी करून देतो. संपूर्ण ओट्याची चमक गेली असेल, तर मेणाचे पॉलिश चोळण्याने ती आठवडाभरच परत येते. त्यापेक्षा हिऱ्याच्या चकत्यांनी पाणी वापरून नव्याने पॉलिश करून घ्यावे. हे काम घरच्या घरी होते, फक्त त्या दिवशी डबा बाहेरून मागवावा लागतो.