गोचिडाचं औषध मारताना आपला जीव सांभाळा

पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारून उरलेलं औषध बैलाच्या गोचिडांवर कधीच मारू नका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही जहरं कातडीतूनही अंगात उतरतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तीही उघड्या वावरात. कोठ्यात (गोठ्यात) तर वारासुद्धा नसतो. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर 2020 अखेरपासून बंदी आहे. जुनी बाटली कुठं खोचलेली असेल तर ती वापरू नका.

पशुवैद्यकाला विचारून जनावरांचंच औषध आणा. डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के किंवा अमिट्राझ 12.5 टक्के असेल तर गोचिडासाठी साधारण लिटरला 2 मिली. मोठ्या बैलाला 3 लिटर पाणी धरलं तर 6 मिली. तरी लेबल वाचाच. गोचीड मरत नाही म्हणून प्रमाण दुप्पट करू नका. पिल्लं भिंतीच्या भेगांतून पुन्हा चढतात, म्हणून कोठाही फवारावा लागतो.

सगळ्यात जास्त धोका मोजताना असतो, कारण तेव्हा औषध निव्वळ असतं. सुई काढलेल्या सिरिंजनं मोजा, काडीनं ढवळा. हातमोजे जाड रबरी किंवा नायट्राइलचे, पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट, चष्मा. नाकाला दुपट्टा बांधून भागत नाही: तो ओला झाला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो.

सकाळी, जनावर बाहेर बांधून, वाऱ्याकडे पाठ करून मारा. आधी मुसकं घाला, म्हणजे बैल अंग चाटणार नाही. शेपटी दोरीनं सैल बांधा; ओल्या शेपटीचा एकच फटका डोळ्यात औषध उडवतो. लेकरं आणि गरोदर बाई जवळ नको. मधेच बिडी, खर्रा नको. कपडे भिजले तर तिथंच उतरवा, कारण जांघेतली कातडी विष फार लवकर ओढते. साबणानं, थंड पाण्यानं आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. डबा विहिरीवर किंवा नाल्यात विसळू नका, मासे मरतात.

डेल्टामेथ्रिननं चेहऱ्याला मुंग्या आल्या तर धुवा, उन्हात जाऊ नका. तोंडातून लाळ, घाम, उलटी, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, धाप दिसली की 108 लावा. उलटी मुद्दाम काढू नका. बाटली दवाखान्यात सोबत न्याच: अमिट्राझनं गुंगी येते, नाडी मंद होते, बाहुल्याही बारीक दिसू शकतात, पण त्याचा उपचार पऱ्हाटीच्या औषधापेक्षा वेगळा आहे.