सेन्सॉरने कापलेलं पत्र जोडू नका

जुन्या कागदांचा खोका सापडला की घरातलं कुणीतरी लगेच फडकं घेऊन पुढे येतं. आधी त्याला आवरा. पुसणं, चिकटवणं, तारखेप्रमाणे लावणं, लॅमिनेट करणं, यातलं काहीही सुरुवातीला करायचं नाही. लॅमिनेशन तर कधीच नाही. ते गरम करून कागदावर बसवतात आणि नंतर कागद न फाटता निघत नाही.

मी केपटाऊनमध्ये जुन्या कागदांच्या डागडुजीचं काम करते. रायलंड्स, ॲथलोन भागातून बोलावणी येतात. त्यात रत्नागिरीकडून पिढ्यांपूर्वी इथे आलेली कोकणी मुसलमान घरंही आहेत. वर्णभेदी राजवटीत कुणाचे चाचा राजकीय कैदी म्हणून रॉबेन आयलंड या तुरुंगाच्या बेटावर होते, कुणाच्या आईवर फिरण्या-भेटण्याला मनाई करणारा सरकारी बंदीहुकूम होता. ती पिढी जातेय आणि खोके नातवंडांच्या हाती येताहेत. इथल्या तुमच्या नातलगांनी असा खोका दाखवला, तर काय करायचं ते सांगते.

या कागदांना दुसरी प्रत नाही, हे आधी डोक्यात पक्कं असू द्या. वर्णभेदी सरकारची सत्ता जाणार हे दिसू लागल्यावर १९९३ मध्ये इथल्या राष्ट्रीय गुप्तचर सेवेने सुमारे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म नष्ट केल्या. त्यातलं बरंचसं प्रिटोरियातल्या इस्कॉर या कंपनीच्या पोलाद भट्टीत गेलं. सरकारी बाजूची बरीच राख झाली. उरलं ते लोकांच्या कपाटांत आणि गॅरेजमध्ये.

तर खोका उघडा आणि वरून फोटो काढा. एक थर उचलला की पुन्हा फोटो. कुठला कागद कशात गुंडाळला होता, कुठल्या पाकिटात होता, ते लिहून ठेवा. एखाद्या बाईने नवऱ्याचं पत्र, भेटीचा परवाना आणि चष्म्याची पावती एकत्र बांधून ठेवली असेल, तर तो गठ्ठा तिचा विचार आहे. तो सोडवून पत्रं एकीकडे, पावत्या दुसरीकडे केल्या की तो विचार गेला. लोक पावत्याच आधी फेकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. बेटावरचे कित्येक जण युनिसा या दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठातून पत्राने शिकत होते. फीची पावती, पुस्तकांची मागणी, नकाराचा कागद यांतून जे कळतं ते पत्रात येत नाही, कारण पत्रात लिहायला बंदी होती. पाकिटंही ठेवा. शिक्के, कैदी क्रमांक, सेन्सॉरची सही, कितीदा तरी सगळी माहिती त्यांच्यावरच असते.

आता कापलेली पत्रं. बेटावर सर्वांत खालच्या, ‘ड’ वर्गातल्या कैद्याला सुरुवातीच्या वर्षांत सहा महिन्यांतून एक पत्र मिळे, तेही पाचशे शब्दांचं. नको तो मजकूर तुरुंगातले सेन्सॉर आधी शाईने काळा करत. शाई धुऊन खालचं वाचता येतं हे लक्षात आल्यावर ते ब्लेडने कापू लागले. पत्र पाठपोट लिहिलेलं असलं की मागचा निरुपद्रवी मजकूरही त्याबरोबर गेला. असं पत्र हातात आलं की लोकांना त्याची दया येते आणि मागून पांढरा कागद चिकटवावासा वाटतो. नका चिकटवू. ते भोक म्हणजे सेन्सॉरचा हात आहे, आणि तोही या पत्राचा एक लेखक आहे. दोन कापांमधली पट्टी लोंबत असेल तर पत्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा, तेवढा आधार पुरतो. स्कॅन करताना मागे काळा कार्ड ठेवा, नाहीतर भोकातून दुसऱ्या पानाचे शब्द दिसतात आणि वाचणारा फसतो. दोन्ही बाजू स्कॅन करा, कोरी वाटली तरी.

घडीवर फाटलेला कागद ही वेगळी गोष्ट. तिथे जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ चालते, पण ते शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. आपल्याकडचे बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. इथे ते अजिबात नको, त्यातलं तांबं कागद खातं. सेलोटेप दिसली तर ओढू नका. स्टेपल गंजलेला असेल तर कागद पालथा ठेवा, पॉलिएस्टरची छोटी पट्टी स्टेपलच्या पायांखाली सरकवा आणि बोथट पात्याने एकेक पाय उभा करा. मग कागद उलटवा, पट्टी वरून घाला आणि स्टेपल सरळ वर उचला. पट्टीमुळे पात्याची टोचणी कागदाला लागत नाही. ऐंशीच्या दशकातले गुळगुळीत फॅक्स असतील तर बाकी सगळं सोडून आधी त्यांचे फोटो घ्या. तो उष्णतेने उमटणारा कागद आहे, अक्षरं उडत जातात.

छापे पडायचे म्हणून काही घरांनी कागद पत्र्याच्या डब्यात घालून बागेत पुरले होते. असा डबा निघाला तर उघड्यावर, मास्क लावून उघडा. बुरशी ओली असेल तर ब्रशने झाडू नका, पसरते. आधी सावलीत वाळू द्या. कागद चिंब असतील आणि दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. १८ एप्रिल २०२१ ला डोंगरावरची आग केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर लायब्ररीत शिरली, तेव्हा तळघरातलं पुष्कळ वाचलं, पण विझवायच्या पाण्याने भिजलं. म्हणून स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावातल्या माणसाकडे हवी.

बारीक अक्षर असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. मंडेलांचं आत्मकथन बेटावरच लालू चिबा आणि मॅक महाराज या सहकैद्यांनी मुंगीएवढ्या अक्षरांत उतरवलं होतं, आणि १९७६ च्या डिसेंबरमध्ये महाराज सुटले तेव्हा ते बरोबर बाहेर आलं. कच्ची वहीही कमी लेखू नका. मंडेला पत्रं आधी जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहून ठेवत. त्यातल्या दोन वह्या सुरक्षा पोलिसांकडे गेल्या होत्या, त्या डोनाल्ड कार्ड या माजी पोलिसाने २००४ मध्ये परत केल्या.

सगळं इंटरनेटवर टाकायची घाई मात्र नको. या पत्रांत चोरून निरोप पोचवणारे वॉर्डर, म्हणजे तुरुंगाचे पहारेकरी, आहेत, फितुरीचा संशय घेतलेले शेजारी आहेत, नवरा-बायकोची भांडणं आहेत. त्या माणसांची मुलं याच गल्ल्यांत राहतात. घरातल्या म्हातारीबरोबर बसून कुठले कागद किती वर्षं बंद ठेवायचे याची यादी करा. टोपणनावं कुणाची हेही तिलाच विचारा आणि पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा, मूळ पत्रावर नाही.

मग संस्था. वेस्टर्न केप विद्यापीठातलं मायिबुये संग्रहालय, जोहान्सबर्गमध्ये विट्स विद्यापीठाचा हिस्टॉरिकल पेपर्स विभाग, डर्बनला गांधी-लुथुली केंद्र. कागद देण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्या: बंद कागदांची मुदत, कुटुंबाला स्कॅनची पूर्ण प्रत, आणि कॉपीराइट कुणाकडे राहणार. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. म्हणून बाहेरून आलेली पत्रं असतील तर ती लिहिणाऱ्यांच्या घरीही विचारून या.